एल-वनच्या नियमात राहून रुग्णालयाची पर्यावरणपूरक खरेदी कशी करायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही 100 खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी आहात आणि भांडाराचा व स्थानिक खरेदीचा कार्यभार नुकताच तुमच्याकडे आला आहे. बैठकीत ‘पर्यावरणपूरक खरेदी करा’ असं सांगितलं गेलं. नियम मात्र सर्वांत कमी दराचा, म्हणजे एल-वनचा. जास्त दराची चांगली वस्तू घेतली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, स्वस्त घेतली तर वरिष्ठांनी सांगितलेलं झालं नाही. मग यातून वाट काय, आणि उद्या विचारणा झाली तर उत्तर काय द्यायचं?

मी सरकारी रुग्णालयांच्या खरेदीत, विशेषतः यंत्रसामग्रीच्या बाजूला, बरीच वर्षं काम केलं आहे. माझं स्पष्ट मत असं की एल-वन हा तुमच्या वाटेतला अडथळा नाही. एल-वन म्हणजे तुम्ही जे मागितलं ते देऊ शकणाऱ्या पात्र निविदाकारांपैकी सर्वांत कमी दर. तुम्ही ‘दीड टनाचा एसी’ एवढंच मागितलं, तर बाजारातला सर्वांत जास्त वीज खाणारा एसीसुद्धा त्यात बसतो आणि तोच येतो. दोष नियमाचा नसतो, आपल्या मागणीचा असतो. म्हणून खरी लढाई दराचा लिफाफा उघडण्याच्या कितीतरी आधी, विनिर्देश, म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी याच्या अटी, लिहिताना होते.

दुसरी आणि माझ्या मते जास्त खोल अडचण लेखाशीर्षांची, म्हणजे अंदाजपत्रकातल्या वेगवेगळ्या खर्चाच्या खात्यांची, आहे. यंत्र जिल्हा वार्षिक योजनेतून येतं, वीजबिल कार्यालयीन खर्चातून जातं, दुरुस्तीला तिसरीकडून पैसे मागावे लागतात आणि जैववैद्यकीय कचऱ्याचं बिल आणखी कुठून तरी. चारही बिलं एकाच इमारतीची, पण एका कागदावर कधी येत नाहीत. करोनाकाळात पीएम केअर्स निधीतून देशभर 1,200 हून अधिक पीएसए, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे, प्रकल्प उभे राहिले. त्या घडीला त्यांची गरज होतीच. पण प्रकल्प रुग्णालयाला फुकट मिळाला, तरी त्याचं वीजबिल, फिल्टर, नायट्रोजन शोषून घेणारं झिओलाइट, ऑक्सिजनच्या शुद्धतेची तपासणी आणि चालवणारा माणूस हे सगळं रुग्णालयाच्याच अंगावर आलं. ज्यांनी हा खर्च आधी मांडला नव्हता, त्यांना पुढे बाहेरून सिलिंडर आणणं सोपं वाटू लागलं. वापराविना उभ्या राहिलेल्या यंत्रात पैसा, धातू आणि वीज असं सगळंच वाया जातं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो, कारण माझं उत्तर सगळीकडे जसंच्या तसं लागू पडणार नाही. तुमची बरीचशी औषधं आणि मोठी यंत्रं तुम्ही स्वतः घेत नाही. 2017 पासून राज्याची ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती, आणि 2023 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. तिथल्या दरकरारातल्या, म्हणजे आधीच दर आणि पुरवठादार ठरलेल्या, वस्तूचे विनिर्देश तुम्ही बदलू शकत नाही. तुमच्या हातात स्थानिक खरेदी, रुग्ण कल्याण समितीचा निधी, जेम या सरकारी ऑनलाइन बाजारावरची खरेदी, सेवांचे ठेके आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागणीपत्र आहे. शिवाय तुमचं रुग्णालय ठाण्याजवळ आहे की नंदुरबारमधल्या दुर्गम धडगावला, यावरही पुष्कळ काही ठरतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे ‘48 तासांत सेवा अभियंता येईल’ ही अट कागदावरच राहते. अशा ठिकाणी मी थोडं कमी कार्यक्षम, पण जागेवर दुरुस्त होणारं आणि सुटे भाग सोबत येणारं यंत्र निवडेन.

एसीचंच उदाहरण पुढे नेऊ. बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या, स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं, पण तो आकडा वर्षाला 1,600 तास वापर धरून काढलेला असतो. घरासाठी ते ठीक. तुमची प्रयोगशाळा रोज 10 तास, वर्षाचे 300 दिवस चालली तर 3,000 तास होतात, आणि रक्तसाठा केंद्रात वर्षाचे सगळे 8,760 तास. समजा 3 स्टारचा एसी 38,000 रुपयांना आणि लेबलवर 1,050 युनिट, तर 5 स्टारचा 46,000 ला आणि 800 युनिट. 3,000 तासांचा ढोबळ हिशेब केला तर फरक वर्षाला 470 युनिटांच्या आसपास जातो. युनिटला 10 रुपये धरले तर जास्तीचे 8,000 रुपये दोन वर्षांच्या आत वसूल होतात, आणि एसी त्यानंतरही कितीतरी वर्षं चालायचा असतो. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या वीजबिलातला दर आणि प्रत्यक्ष लेबलवरचे आकडे घ्या. पण हा हिशेब अर्ध्या पानावर मांडून प्रशासकीय मान्यतेच्या टिप्पणीला जोडा आणि विनिर्देशात लिहा: ‘बीईई 5 स्टार, निविदेच्या दिनांकास लागू असलेल्या तक्त्यानुसार’. शेवटचे शब्द गाळू नका. स्टारचे तक्ते ठरावीक काळाने कडक होतात. जुलै 2022 मध्ये तसंच झालं आणि आधीचे 5 स्टार एसी एका पायरीने खाली आले. तक्त्याचा उल्लेख नसला की गोदामात पडलेला जुना माल तुमच्या गळ्यात येतो.

यात नियमबाह्य काहीच नाही. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतच विजेची उपकरणं ठरावीक स्टार मानांकनाची असावीत असं म्हटलं आहे. राज्याचा 1 डिसेंबर 2016 चा खरेदी धोरणाचा शासन निर्णय आणि त्यावरच्या नंतरच्या सुधारणाही तुमच्या टेबलावर असायला हव्यात. गुणवत्तेची गरज विनिर्देशात मांडायला कोणीही अडवत नाही. अडवतात ते एका कंपनीकडे बोट दाखवणाऱ्या विनिर्देशाला.

इथे एक सावधगिरी. काही जण ‘हरित’ दिसावं म्हणून निविदाकाराकडे आयएसओ 14001 प्रमाणपत्र मागतात. मला हे पटत नाही. ते प्रमाणपत्र कंपनीच्या व्यवस्थापन पद्धतीचं आहे. तुमच्या हातात येणारी वस्तू वीज किती खाते, किती टिकते, जाळली तर काय बाहेर पडतं, हे ते सांगत नाही. उलट जिल्ह्यातले लहान पुरवठादार त्या एका अटीने बाहेर फेकले जातात. अट वस्तूबद्दल असावी, तपासता येईल अशी असावी आणि निदान तीन उत्पादक ती पूर्ण करू शकतील अशी असावी.

आता ज्या खरेदीत मला सर्वांत जास्त नासाडी दिसते तिकडे येतो: प्रयोगशाळेतला बायोकेमिस्ट्री ॲनालायझर, म्हणजे रक्तातली साखर, क्रिएटिनिन वगैरे मोजणारं यंत्र. दोन यंत्रं समोर आहेत असं धरा. एक साडेतीन लाखांचं, त्याला कुठल्याही चांगल्या कंपनीचं रीएजंट, म्हणजे चाचणीसाठी लागणारं रसायन, चालतं. दुसरं दीड लाखाचं, पण त्याला त्याच कंपनीचं रीएजंट लागतं. फक्त यंत्राचा दर मागवला तर दुसरं एल-वन ठरतं. रोज 200 चाचण्या आणि 300 दिवस म्हणजे वर्षाला 60,000 चाचण्या. बंदिस्त रीएजंटमुळे एका चाचणीला फक्त 4 रुपये जास्त लागले तरी वर्षाला 2 लाख 40 हजार, पाच वर्षांत 12 लाख. यंत्राच्या किमतीत वाचलेले दोन लाख पहिल्याच वर्षात संपले. आणि पैसा हा अर्धाच भाग झाला. अशा यंत्रांची रीएजंट पॅक अनेकदा मोठ्या रुग्णालयांच्या हिशेबाने बांधलेली असतात. पॅक उघडल्यावर त्याची मुदत काही आठवड्यांची. तुमच्याकडे एखाद्या प्रकारच्या चाचण्या कमी होत असतील तर निम्मं पॅक ओतून द्यावं लागतं आणि रसायन सांडपाण्यात जातं.

म्हणून दरपत्रकाचा नमुनाच असा करा की निविदाकाराने यंत्राची किंमत, पाच वर्षांच्या अपेक्षित चाचण्यांचं रीएजंट, यंत्राची अचूकता जुळवायला आणि तपासायला लागणारे कॅलिब्रेटर व कंट्रोल आणि वॉरंटी संपल्यानंतरची सर्वसमावेशक देखभाल, म्हणजे सीएमसी, हे सगळं भरावं. एल-वन या एकूण बेरजेवर ठरेल असं निविदेत आधीच स्पष्ट लिहा. चाचण्यांचा अंदाजी आकडा तुमच्या नोंदवहीतून द्या आणि पॅकचा कमाल आकारही सांगा. मूल्यमापनाची पद्धत आधी जाहीर केली असेल तर कोणी बोट ठेवू शकत नाही. लिफाफे उघडल्यावर पद्धत बदलली तर मात्र कोणीही तुम्हाला वाचवू शकणार नाही.

देखभालीबद्दल थोडं आणखी. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 2015 मध्ये उपकरण देखभाल कार्यक्रम सुरू केला, त्याआधीच्या पाहणीत वेगवेगळ्या राज्यांतली 13 ते 34 टक्के उपकरणं बंद आढळली होती. त्या कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात 90 टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के वेळ उपकरण चालू असावं अशी अपेक्षा ठेवली. तुमच्या सीएमसीत हाच निकष घाला: वर्षभरात किती दिवस बंद चालेल, त्यापुढे दर दिवसाला काय वजावट आणि तितके दिवस करार वाढणार. बंद यंत्राची नोंद रोज ठेवणारा माणूस नेमा, नाहीतर अट असूनही वजावट करता येत नाही. पाच वर्षं चालणारं यंत्र दहा वर्षं चाललं, तर एका यंत्राचं सगळं उत्पादन, वाहतूक आणि भंगार टळतं. जुनं यंत्र निर्लेखित करताना, म्हणजे नोंदीतून काढून टाकताना, परत घेण्याची जबाबदारी कोणाची, हेही खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत वैद्यकीय उपकरणंही येतात, त्यामुळे भंगारवाल्याला विकून मोकळं होणं आता कायद्यात बसत नाही.

इथवरचं दोन ओळींत: किंमत म्हणजे यंत्राच्या आयुष्यभराचा खर्च, आणि तो निविदेच्या नमुन्यातच मागायचा. पर्यावरणाची अट विनिर्देशात लिहायची, मोजता येईल अशा शब्दांत.

पण तुम्ही औषध निर्माण अधिकारी आहात, त्यामुळे तुमचा सर्वांत मोठा वाटा यंत्रांपेक्षा औषधांत आहे. मुदत संपून जाळलेलं औषध ही सगळ्यात वाईट खरेदी. ते बनवताना वीज-पाणी गेलं, आणताना डिझेल गेलं, साठवताना जागा गेली आणि शेवटी जाळायलाही पैसे मोजले. आरोग्य क्षेत्राच्या हवामानावरच्या भाराबद्दल हेल्थ केअर विदाउट हार्म आणि अरुप यांचा 2019 चा अहवाल आहे. जगाच्या निव्वळ उत्सर्जनात आरोग्य क्षेत्राचा वाटा 4.4 टक्के आणि त्यातला साधारण 71 टक्के पुरवठा साखळीतून येतो, असं त्यात मांडलं आहे. म्हणजे तुमच्या इमारतीच्या दिव्यांपेक्षा तुमच्या मागणीपत्राचं वजन जास्त आहे.

मागणी काढताना एक चूक जवळपास सगळीकडे दिसते. वर्षभराच्या वापराला 12 ने भागून महिन्याची सरासरी काढतात. पण ते औषध दोन महिने भांडारात नव्हतंच, तर 10 ने भागायला हवं. तसं न केल्याने ज्याचा तुटवडा होता त्याची मागणी पुन्हा कमी जाते, आणि ज्याचा साठा तुंबला होता त्याची पुन्हा तितकीच जाते. ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीत साठा शून्य असलेले दिवस शोधायला एक दुपार लागेल, पण ती जरूर द्या. हंगामही धरा: सर्पदंशाची लस जून ते सप्टेंबर, कोकणात असाल तर लेप्टोस्पायरोसिससाठी डॉक्सीसायक्लिन पाऊस सुरू होण्याआधी. सर्पदंशाची लस भुकटी स्वरूपात मिळत असेल तर दुर्गम केंद्रांसाठी तीच मागा. द्रवरूप लशीला कायम 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि जिथे वीज जाते-येते तिथे लस फुकट जाण्याची भीती मोठी. स्थानिक खरेदीत पुरवठ्याच्या दिवशी निदान तीन चतुर्थांश मुदत शिल्लक असावी ही अट घाला, आणि पुरवठा आदेश एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्या.

तमिळनाडूने 1994 मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं तेव्हा प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. पासबुकातल्या रकमेच्या मर्यादेत, जिल्ह्याच्या गोदामातून गरजेप्रमाणे औषध उचलायचं. वरून गठ्ठे ढकलण्याऐवजी खालून मागणी ओढायची, हा त्यातला विचार मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तुम्हाला आज पासबुक नाही, पण शेजारच्या ग्रामीण रुग्णालयाशी जवळ आलेल्या मुदतीच्या औषधांची अदलाबदल वरिष्ठांच्या परवानगीने करता येते. त्यासाठी निविदा लागत नाही.

कचऱ्याच्या पिशव्यांवर एक परिच्छेद खर्च करतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे बंद करायला सांगितले, आणि त्याची वाढीव मुदतही 27 मार्च 2019 ला संपली. कारण सरळ आहे: पिवळ्या पिशवीतला कचरा भट्टीत जातो, आणि क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन ही अत्यंत विषारी संयुगं तयार होऊ शकतात. पिशवीवर ‘क्लोरीनविरहित’ छापलेलं असतं म्हणून विश्वास ठेवू नका. विनिर्देशात प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि आलेल्या गठ्ठ्यातली एक पिशवी स्वतः तपासा: तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, पिशवीला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन असण्याची दाट शक्यता आहे. हे मोकळ्या हवेत, धूर ज्या बाजूला जातो तिथे न थांबता करा, आणि संशय आला तर नमुना प्रयोगशाळेला पाठवून मगच नाकारा.

शस्त्रक्रियागृहात मात्र एक असा खर्च आहे ज्याकडे भांडारातून सहसा कोणी बघत नाही: भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू. 100 वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापमानवाढ करतो. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या लोदियन आरोग्य मंडळात तपासलं तेव्हा मध्यवर्ती नळातून जाणारा बहुतेक वायू रुग्णापर्यंत न पोचताच गळत असल्याचं दिसलं. तुम्ही वर्षभरात घेतलेले सिलिंडर आणि भूलतज्ज्ञांच्या नोंदवहीतला वापर शेजारी ठेवून बघा. सिलिंडरवरच्या दाबमापकावर जाऊ नका. नायट्रस आत द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच दिसतो. सिलिंडर वजन करून बघावा लागतो. शस्त्रक्रिया नसलेल्या रात्री वजन घटलं तर गळती आहे. पुढचा निर्णय, म्हणजे मध्यवर्ती पुरवठा ठेवायचा की यंत्रालाच लहान सिलिंडर लावायचे, हा भूलतज्ज्ञांचा आहे. तुम्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवा.

कापडी गाऊन की एकदा वापरून टाकायचे, असंही तुम्ही विचारलं होतं. धुलाईची यंत्रणा आणि निर्जंतुकीकरणाची क्षमता असेल तर कापडी, नसेल तर आधी धुलाईचा ठेका सुधारा. सौर पॅनेल घेताना बॅटरी बदलण्याचा खर्च देखभाल करारात नसेल तर घेऊ नका. औषधांच्या कागदी पाकिटांवर मी फार वेळ घालवणार नाही. ती चांगलीच आहेत, पण त्यांनी मोठा फरक पडत नाही.

दरकरारातून आलेल्या वस्तूंबद्दल तुम्ही अगदीच हतबल नाही. गळक्या सलाइनच्या बाटल्या, पानासारखे फाटणारे हातमोजे, गरजेपेक्षा मोठं पॅकिंग यांची बॅच क्रमांकासह लेखी नोंद करून जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत पाठवत राहा. पुढच्या निविदेचे विनिर्देश ठरवणाऱ्या समितीसमोर अशी नोंदच नसेल तर जुनाच मजकूर पुन्हा छापला जातो.

शेवटी लेखापरीक्षणाचा तुमचा प्रश्न. आक्षेप बहुधा जास्त दरावर निघत नाही, जास्त दराचं कारण फाइलमध्ये सापडत नाही म्हणून निघतो. त्यामुळे गरजेची टिप्पणी, बाजारात ती अट पूर्ण करणारे निदान तीन उत्पादक असल्याचा पुरावा, आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब आणि विनिर्देश समितीच्या सह्या हे सगळं निविदा प्रसिद्ध होण्याआधीच्या तारखांचं असलं पाहिजे. निविदापूर्व बैठकीत कोणी अटीवर हरकत घेतली तर तोंडी उत्तर देऊ नका. इतिवृत्तात हरकत आणि तुमचं कारण दोन्ही लिहा. हरकत रास्त असेल तर शुद्धिपत्रक काढून अट सैल करा, त्यात कमीपणा नाही. आणि शुद्धिपत्रकानंतर निविदा भरायला पुरेसे दिवस दिलेत ना ते तपासा, कारण तक्रारी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.